होडीवाल्याचा धडा

आमच्या शाळेत इंग्रजी हा विषय कानाने शिकायचा होता. बाई पुस्तकातली एक ओळ वाचत, थांबत, ‘म्हणजे’ म्हणत आणि त्या ओळीचा अर्थ मराठीत सांगत. पुन्हा ओळ, पुन्हा ‘म्हणजे’. आम्ही पुस्तक उघडं ठेवून बाईंच्या तोंडाकडे बघत असू. ओळ चालू असताना निम्मा वर्ग खिडकीबाहेर असायचा आणि ‘म्हणजे’ ऐकू आलं की सगळे परत आत. याला अर्थ सांगणं म्हणत. ‘आज दोन पानांचा अर्थ झाला’ असं आम्ही घरी सांगायचो आणि घरच्यांनाही पोरगी इंग्रजी शिकतेय याचं समाधान मिळायचं. अर्थ संपला की बाई प्रश्नांची उत्तरं सांगत, ती आम्ही उतरवून घेऊन घोकत असू. झाला धडा. या सगळ्यात मूळ इंग्रजी धडा कोणी वाचलेलाच नसायचा आणि त्यात काही राहून गेलंय असं कोणाला वाटतही नसे.

हे डोंबिवलीतलं, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचं. शाळा मराठी माध्यमाची, वर पत्रे, वर्गावर्गांच्या मध्ये प्लायवूडचे आडोसे. इंग्रजीची बाराखडी पाचवीत भेटलेली, त्यामुळे नववीत आलो तरी आमची तिच्याशी ओळख दुरूनच नमस्कार करण्याइतकी होती. पण बाईंचा तास आम्हाला मनापासून आवडायचा. बाई ठाण्याहून यायच्या, टेंभी नाक्याच्या बाजूला कुठेतरी राहायच्या. उंच, सडपातळ, पांढऱ्यावर बारीक फुलं असलेल्या सुती साड्या आणि बोलणं असं स्वच्छ की नुसतं ऐकत राहावं. त्या अर्थ सांगायला लागल्या की आडोशापलीकडचा भूगोलाचा वर्गही गप्प व्हायचा. तिथल्या सरांनी एकदा येऊन तक्रार केली होती की माझी मुलं तुमच्या गोष्टी ऐकतात, मग नद्या कोणी ऐकायच्या.

मी वर्गात हुशार समजली जायची आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं. राग कायम नाकावर. वडील मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात कामाला होते. जेवताना त्यांच्या नखांच्या कडा कधी गुलाबी, कधी निळ्या दिसायच्या. त्यांचं एकच म्हणणं असायचं, बाकी काही नाही आलं तरी चालेल, इंग्रजी आली पाहिजे. त्यांनी रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला होता. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं आणि ए, बी ही दोन अक्षरं पानांसकट गळालेली. त्यामुळे सी पासून पुढचं सगळं इंग्रजी मला शोधता यायचं आणि ए, बी ने सुरू होणारे शब्द मी अंदाजाने निभावून न्यायची. वर्गात शब्दकोश असलेली मी एकटीच, म्हणून मिरवायलाही भरपूर वाव होता.

नववीच्या सुरुवातीला बाईंनी माझ्या शेजारी एक नवी मुलगी आणून बसवली. नवी म्हणजे आमच्यासाठी नवी. ती त्याच शाळेतली, नववीतच नापास होऊन आमच्यात आलेली. खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावातून पायी यायची. आदल्या पावसाळ्यात तिच्या वडिलांची होडी खाडीत उलटली होती. होडी सापडली, वडील सापडले नाहीत. तिची आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि कपाळावर कुंकू लावायची. ते कुंकू का आहे, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नसे. त्या वर्षी मुलीचं शाळेत लक्ष लागलं नाही. बाकीचे विषय कसेबसे निघाले, इंग्रजीत ती साफ गेली.

तिचा काका तिला सोडायला आला तेव्हा मी बाईंच्या टेबलाशीच उभी होते. काका काही वाईट माणूस नव्हता. दोन घरं एकट्याच्या जाळ्यावर चालवत होता.

“बाई, एक वरीस फुकट गेला,” तो म्हणाला. “यंदा पास झाली त शिकवू. नाय त बसंल आयसबरोबर बाजारात. घर चालवाचा हाय.”

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हिला इंग्रजीत पास करायचं आहे. तू आणि मी मिळून. कळलं?”

कळलं म्हणजे काय, मला तर उपकार करायला माणूसच मिळालं होतं.

आमच्या चाळीमागे बुद्धविहार होता आणि संध्याकाळी त्याच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालायची. दोन लांब सतरंज्या, एक ट्यूबलाइट, भिंतीला टेकून वाचणारी चाळीतली मोठी मुलं. शाळा सुटली की मी तिला तिकडे घेऊन जायची. पहिल्या दिवशी तिचं पुस्तक उघडलं आणि मला हसू आवरेना. प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरांत तिचा उच्चार लिहिलेला. हे आमच्यातले बरेच जण करायचे, पण हिने एकही ओळ सोडली नव्हती. ती वरची मराठी अक्षरं ती घडाघडा वाचायची, आरती म्हणावी तशी, आणि खालच्या इंग्रजीकडे ढुंकूनही बघायची नाही.

“हे सगळं पुस,” मी खोडरबर पुढे केला.

“पुसलं त वाचू काय?”

“वरचं पुसशील. खालचं आहे की.”

ती रागावली. मग खोडायला लागली आणि आमची अख्खी संध्याकाळ त्यात गेली. सतरंजीवर खोडरबराचा चुरा पडला म्हणून अभ्यासिकेच्या दादांनी आम्हा दोघींनाही झाडायला लावलं.

शिकवायला मी धड नव्हते. तोंड सुटलं की थांबायचं नाही. ‘एवढंही येत नाही?’ हे माझं पेटंट वाक्य. ती उलट बोलायची नाही, पण तिची एक सवय होती आणि त्या सवयीने माझा जीव मेटाकुटीला यायचा. एखाद्या वाक्यातला प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय ती पुढे सरकायचीच नाही. कोण बोलतंय? कुठे उभा आहे? आत्ताच का आला? मी म्हणायची, अगं, उत्तर पाठ कर आणि सोड. ती म्हणायची, “मना दिसत नाय तर पाठ कसं होईल?” एका परिच्छेदाला एक संध्याकाळ लागायची. पण जो परिच्छेद झाला तो झाला, पुन्हा सांगावा लागायचा नाही. दिवाळीपर्यंत ती छोटी छोटी वाक्यं माझ्या मदतीशिवाय वाचायला लागली होती. मी मात्र हे तिला सांगितलं नाही. आपलं मोठेपण टिकवायला हवं ना.

होडीवाल्याचा धडा बाईंनी त्याआधीच, गणपतीची सुट्टी संपल्यावर घेतला होता. कुठल्यातरी थंड देशातली गोष्ट. रुंद नदी, पूल नाही, माणसांना पलीकडे नेणारा एक होडीवाला आणि आमच्याएवढी त्याची मुलगी. घरात ही दोघंच. एका संध्याकाळी वारा सुटलेला असताना निरोप येतो की पलीकडच्या गावात एक लहान मूल श्वास घ्यायला धडपडतंय आणि डॉक्टर राहतो या काठाला. मुलगी म्हणते, नका जाऊ. होडीवाला कोट चढवतो. डॉक्टरला पलीकडे पोचवतो, मूल वाचतं. डॉक्टर म्हणतो, रात्र इथेच काढ. होडीवाला म्हणतो, घरी पोर एकटी आहे. आणि तो तसाच परत निघतो.

इथे बाई थांबल्या. पुस्तकातल्या पुढच्या ओळी त्यांनी इंग्रजीत भरभर, एका दमात वाचून टाकल्या. मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि सांगायला लागल्या. मुलगी रात्रभर खिडकीत कंदील धरून बसली. वारा पडला. उजाडलं. धुक्यातून आधी वल्ह्यांचा आवाज आला, मग होडीचं टोक, मग बाबा. दमलेले, भिजलेले, पण हसत होते. मुलीने चहा केला. त्या चहाची वाफ आम्हाला वर्गात दिसली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

माझी शेजारीण टाळ्या वाजवत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती आणि फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. जूनपासून तिने पहिल्यांदा पूर्ण तासभर मान वर ठेवली होती, हे माझ्याही लक्षात आलं. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, “हा धडा मस्त हाय.” तिच्याकडून इंग्रजीबद्दल आलेलं हे पहिलंच बरं वाक्य. धड्याखालचे शेवटचे दोन प्रश्न बाईंनी सोडून द्यायला सांगितले. परीक्षेला येत नाहीत म्हणाल्या. दोन प्रश्न कमी झाले म्हणून आम्ही खूश होतो.

खरी गंमत झाली ती जानेवारीत. स्नेहसंमेलन आटोपलं होतं आणि उजळणी सुरू झाली होती. पहिल्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील ठाण्याहून त्याला गाईड आणून देत आणि तो गाईडातली उत्तरं स्वल्पविरामासकट पाठ करायचा. बाईंना गाईड आवडत नसे, पण पाठांतराला कोण नको म्हणणार? बाईंनी त्याला विचारलं, होडीवाला कसा माणूस होता. तो उभा राहिला आणि त्याने इंग्रजीत लांबलचक उत्तर धडधडत म्हणून दाखवलं. होडीवाला शूर होता, दयाळू होता, हे होतंच. शेवटी त्याने नदी, रात्र असं काहीतरी म्हटलं आणि त्यात ‘नेव्हर’ हा शब्द आला. ‘नेव्हर केम बॅक.’

वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारणीनेही वाजवल्या. बाई पटकन ‘बस’ म्हणाल्या आणि तो बसला. मग बाईंनी त्यालाच विचारलं, गोष्ट आवडली का. तो मराठीत म्हणाला, हो, बाबा परत येतात ते खूप आवडलं. आत्ताच तोंडाने तो जे म्हणाला आणि आता जे म्हणत होता, त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्याच काय, वर्गात कोणाच्याच नव्हतं. इंग्रजी उत्तर हे परीक्षेचं आणि मराठी गोष्ट ही आपली. दोन्ही दोन वेगळ्या डब्यांत.

मला मात्र ‘नेव्हर’ माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी डोकं दुखतंय म्हणून अभ्यासिकेत गेले नाही. घरी शब्दकोश घेऊन धड्याचं शेवटचं पान काढलं. तोवर इतके धडे शिकले होते, पण एखादं पान वरपासून खालपर्यंत इंग्रजीत वाचायची ती माझीही पहिलीच वेळ. होडी उलटण्यासाठी जो शब्द होता तो सी पासून सुरू होत होता, त्यामुळे तो सापडला. नदीच्या वळणावर उलटी होडी मिळाली होती. होडीवाला कधीच परत आला नाही. त्याखाली अजून एक लहानसा परिच्छेद होता, पण तो मी वाचलाच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाईंनी आम्हाला फसवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. ज्या बाईंचा शब्द मी घरी वडिलांच्या शब्दावर चढवून सांगायची, त्या बाईंनी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तडक शिक्षकांच्या खोलीत गेले. बाई डबा खात होत्या.

“बाई, होडीवाल्याच्या धड्याचा अर्थ चुकलाय.”

त्यांनी घास खाली ठेवला. “चुकला नाही. बदलला.”

मला वाटलं होतं त्या गडबडतील, निदान लाजतील तरी. त्या शांत होत्या.

“कोणाशेजारी बसतेस तू?” त्यांनी विचारलं.

मला आत्ता कुठे उजेड पडत होता आणि आपल्याला इतका उशीर का लागला म्हणून स्वतःचाच राग येत होता.

“तिच्या घरात अजून वाट बघतायत,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “आणि मी तिच्यासमोर उभं राहून ते वाचायचं, मग ‘म्हणजे’ म्हणायचं आणि अर्थ सांगायचा? मला नाही जमलं. त्या दिवशी तिने वर बघितलं होतं ना? मला तेवढं पुरे आहे.”

“पण परीक्षा?”

“बाकीचे धडे पक्के कर. हा सोड. पास व्हायला बाकीचे पुरतात.”

मी बाहेर आले तेव्हा माझा राग गेला होता आणि त्याच्या जागी भीती आली होती. बाईंची गोष्ट आता माझ्याही अंगावर आली होती, सांभाळायला.

कारण वार्षिक परीक्षेचा पेपर आमच्या बाई काढत नसत. तो बाहेरून छापून यायचा. कुठल्या धड्यातला उतारा येईल, कोणाला सांगता येत नव्हतं. होडीवाल्याचा आला तर? धडा सोडला असेल तर तिचे ते मार्क गेले आणि तिच्याकडे सोडायला फार मार्क नव्हते. धडा करायचा तर तिला शेवटचं पान वाचावं लागणार. आणि आता ती खरोखर वाचायला लागली होती, ही तर माझीच करणी. त्यात पुन्हा तिचं रोजचं टुमणं सुरू झालं. तिला होडीवाल्याचाच धडा करायचा होता. गोष्ट आधीच डोळ्यांसमोर आहे, मग इंग्रजी लवकर बसेल, हा तिचा हिशोब. हिशोब अगदी बरोबर होता.

“उद्या करू,” मी म्हणायची.

“कालही उद्याच बोललीस.”

“अगं, तो सोपाय. शेवटी करू.”

“तू काहीतरी लपवतंस,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी शब्दकोशात डोकं घातलं. मूग गिळून बसणं हा माझा स्वभावच नव्हता, त्यामुळे ते मला अजिबात जमत नव्हतं.

मार्चमध्ये मला गालगुंड झालं. दोन्ही गाल फुगून मी घरात पडून राहिले आणि आईने मला कोणाच्या जवळ जाऊ दिलं नाही. माझ्या शेजारणीने माझ्या धाकट्या भावाबरोबर निरोप पाठवला की शब्दकोश दे. मी दिला. नाही कसा म्हणणार? अंथरुणात पडल्या पडल्या माझा जीव टांगणीला लागला होता. भाऊ रोज अभ्यासिकेतून येऊन सांगायचा, तुझी मैत्रीण एकटीच बसलेली असते, ओठ हलवत वाचते, मध्येच शब्दकोश उघडते. कुठला धडा, हे त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं तरी त्याला काय कळणार होतं.

मी शाळेत परत गेले तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. बाकावर बसताना तिने नेहमीसारखं सरकून जागा दिली आणि ‘बरं हाय ना आता?’ विचारलं. चेहऱ्यावरून काहीच समजेना. बाईंचा तास सुरू झाला. शेवटचा उजळणीचा तास.

“कुठला धडा पुन्हा घेऊ?” बाईंनी विचारलं.

ती उभी राहिली. वर्गात आपणहून उभी राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. “होडीवाल्याचा,” ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“तो झालाय ना?” बाई म्हणाल्या.

“शेवटचा परिच्छेद राहिलाय बाई. तुम्ही त्याचा अर्थच नाय सांगितला.”

वर्गात कुजबुज झाली. गाईडवाला मुलगा पानं उलटून बघायला लागला. बाईंच्या हातात खडू होता, तो त्यांनी खाली ठेवला. आता त्या काय करणार, हे मला कळेना. पुस्तक हातात घेऊन त्या सगळ्या वर्गासमोर पुन्हा काहीतरी रचून सांगतील का? की खरं सांगतील? बाई कधी नव्हे ते शब्द शोधत होत्या.

“मी सांगू?” तिनेच विचारलं.

बाईंनी मान हलवली.

तिने पुस्तक उचललं. पहिली ओळ इंग्रजीत वाचली. अडखळत, एकेका शब्दावर पाय देत, पण स्वतःच्या डोळ्यांनी. थांबली. आणि म्हणाली, “म्हणजे...”

कोणी हसलं नाही. खरं तर तिचं ‘म्हणजे’ हुबेहूब बाईंचं होतं, हसण्यासारखंच होतं.

“म्हणजे, होडीवाला आला नाय. लोकांनी लय शोधला. होडी पोरीच्या दारात आणून ठेवली.” पुढची ओळ. “म्हणजे, मग एका सकाळी पलीकडच्या काठावरनं कोणीतरी हाक मारली. नेहमीसारखी. त्या माणसाला म्हाईतच नव्हतं.” पुढची ओळ वाचताना एका शब्दाशी ती अडली. मी सांगायला तोंड उघडलं, पण तिने हाताने मला थांबवलं आणि तो शब्द स्वतःच जुळवला. “म्हणजे, गावातले सगळे एकमेकांकडे बघत राहिले. होडी कोण नेणार? तेव्हा पोरीने बापसाचा कोट घातला. तो तिला मोठा होत होता. तिने होडी पाण्यात ढकलली, वल्ही घेतली आणि पलीकडे निघाली.”

ती खाली बसली. “झाला धडा,” म्हणाली.

आडोशापलीकडे भूगोल चालू होता, तो स्पष्ट ऐकू येत होता. बाई टेबलाकडे गेल्या नाहीत, त्या पहिल्या बाकाच्या कडेवर टेकल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “सोडलेले दोन प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं उतरवून घ्या.” आणि सगळ्यांनी वह्या काढल्या. मला रडू येत होतं आणि शेजारी बसलेली ती शांतपणे पेनात शाई आहे का बघत होती.

वार्षिकच्या पेपरात होडीवाल्याचा उतारा आला नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी धड्यातला आला. शिवाय पुस्तकाबाहेरचा, कोणी न वाचलेला एक उतारा होता. त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नव्हता आणि उत्तरं कोणी उतरवून दिलेली नव्हती. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो प्रश्न कोरा सोडला. पाठांतरवाल्या मुलाने त्याखाली आईवर निबंध लिहिला. तिने तो उतारा वाचून उत्तरं लिहिली.

निकालाच्या दिवशी तिचा काका आला होता, आईही आली होती. बाजारातून तशीच आली होती, पाटी फाटकाशी ठेवून. इंग्रजीत माझी शेजारीण पास झाली होती. फार नाही, पण स्वच्छ पास. काकाने बाईंना हात जोडले आणि दहावीची पुस्तकं कुठे मिळतात ते विचारलं. आईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फाटकाकडे गेली.

बाईंनी आम्हा दोघींना व्हरांड्यात थांबवून घेतलं. वर्गात जे म्हणता आलं नाही ते त्यांना म्हणायचं होतं, हे दिसत होतं. मुलांसमोर चुकलो म्हणायची तेव्हाच्या शिक्षकांना सवय नव्हती.

“मी तुला खोटं सांगितलं,” त्या तिला म्हणाल्या. “तुला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं. पण सांगायला नको होतं.”

ती फाटकाकडे बघत होती. तिची आई पाटी डोक्यावर चढवत होती.

“बाई, बापूस परत येत नाय, ते तुम्ही सांगत होता तेव्हाच मना कळलेलं,” ती म्हणाली. “पोरीचं पुढे काय झालं, तेवढं कळत नव्हतं.”